कुटुंबप्रमुख

गुजरीतल्या एका सोनारानं रंगीत घेतला
म्हणून त्याचा जुना काळा-पांढरा आमच्या बोर्डिंगात आला,
हातगाडीवरून, वाकळंत गुंडाळून,
लाकडी पेटीला सरकती दारं.
डोईला सोळा रुपये.
तुकाराम सणगरानं दोन हप्त्यांत देतो म्हटलं,
दुसरा हप्ता अजून यायचाय.

गच्चीवर अँटेना.
दाजिबा वर फिरवायचा, आम्ही खालनं ओरडायचो:
आलं! आलं! गेलं... आरं तितंच थांब की!
आणि तो थांबायचा, दांडा धरून,
कारण हात सोडला की पडद्यावर मुंग्या.
बातम्या संपेपर्यंत दाजिबा आभाळाखाली.
त्याला बातम्या कधी दिसल्या नाहीत.

मग कळलं, कुरणे साहेब फिरालेत.
पोस्टाची सायकल, बगलेत वही, मान वर.
माणसांकडं बघायचेच नाहीत,
छपरं वाचत जायचे.
परवाना नसला की दंड, नाहीतर संच जप्त.
दंड किती, ते प्रत्येकाच्या तोंडात वेगळं.

लॉच्या दुसऱ्या वर्षाचा नेमगोंडा
कॉटवर उभा राहून म्हणाला,
विद्यार्थ्याला वेगळा परवाना लागतच नाही.
घरी असला की बास. पोरगं म्हणजे घरच.
कुणाच्या घरी हाय टीव्ही?
शिरोळ, मुरगूड, राधानगरी, गगनबावडा,
एक हात वर गेला नाही.
मग बॅटरीवर लावू, म्हणाला, बॅटरीला कायदा नाही.
बॅटरी कुणाकडं हाय?
नेमगोंडा कॉटवरनं खाली उतरला.

शेवटी अँटेनावर तालमीतले लंगोट वाळत घातले.
कुरणे साहेबांनी सायकल भिंतीला लावली,
पाणी मागितलं, प्याले, आणि म्हणाले,
लंगोट वाळूद्यात. माझं काय म्हणणं न्हाई.
पण सगळे एकाच दिशेला तोंड करून का वाळालेत?

अर्ज काढला.
कुटुंबप्रमुखाचे नाव. कायमचा पत्ता.
आमच्यातल्या कुणालाच कायमचं असं काही नव्हतं,
परीक्षा झाली की खोली बदलायची.
रेक्टर म्हणाले माझं नको, संस्थेला कळंल.
नेमगोंडाला एकाएकी लायब्ररी आठवली.

तेवढ्यात मेसच्या दारातनं आक्काताई,
कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ:
माझं घाला.
तुमचं? कुटुंब किती?
सत्तावीस, म्हणाली. एक गावाला गेलाय.

साहेबांनी पहिल्यांदा मान खाली केली
आणि लिहिलं.
आक्काताई बाबू कुंभार.
रेशनकार्ड दिराकडं, घर दिराकडं,
नवऱ्याचा फोटोसुद्धा दिराकडं,
आणि हे छोटं पुस्तक तिच्या हातात,
तिकिटं चिकटवलेलं, तिच्या नावाचं.
मिठाच्या बरणीमागं ठेवायची.
टीव्ही तिनं समोर बसून कधी पाहिला नाही.
दारात परात घेऊन, पाठ अर्धी वळवून.
रविवारच्या सिनेमाला भाकरी करपायची
आणि आम्ही कोण काही बोलायचो नाही.

दरवर्षी धुतलेलं लुगडं नेसून शनिवार पोस्टात.
एका वर्षी मी बरोबर होतो.
जाळीमागचा क्लार्क म्हणाला,
मावशी, आता लागत नाही. सरकारनं बंद केलं.
आम्ही तर बाहेर उड्याच मारल्या असत्या,
नेमगोंडानं तर मिसळच घातली असती.
ती जाळी धरून तशीच उभी.
कुणाला लागत न्हाई?
कुणालाच.
मागं रांग वाढली. कुणीतरी खाकरलं.

मग म्हणाली, पैसे राहूद्यात माझ्याकडं.
नुस्ता शिक्का मारा.

क्लार्कनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं.
शिक्का उचलला, शाईवर दाबला, मारला.

तेच पुस्तक आता माझ्यापुढं आहे,
तिच्या भाच्यानं रद्दीत घातलं होतं.
शेवटच्या पानावर तिकीट नाही,
रक्कम नाही, सही नाही.
गोल शिक्का, थोडा वाकडा,
आणि कडेला पिठाचं एक बोट.