कोणाचो रे तू

तारामुंबरीच्या पुलाअलीकडे माझं दुकान.
झेरॉक्स, रिचार्ज, स्क्रीन बदलून मिळेल.
लवू सारंग आला तेव्हा खाडीला भरती होती
आणि लाईट नुकतीच आली होती.
फोन त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून काढला,
पिशवी रुमालातून,
रुमाल बनियनच्या आतून.
डिझेलचा परतावा कुठे अडकलाय ते बघायचं,
तर साइट उघडत नाही. लाल त्रिकोण.
तुमचे कनेक्शन खाजगी नाही.
"माझा काय खाजगी आसा गो," तो म्हणाला,
"किती देणा आसा ता सगळ्या बंदराक म्हायत आसा."

आधी तारीख बघितली. बरोबर होती.
मग सेटिंग्ज, सुरक्षितता, विश्वासू प्रमाणपत्रे:
शंभरावर नावं, एकाखाली एक,
कुठल्या कुठल्या मुलखातल्या कंपन्या,
देवगड ज्यांनी नकाशातही पाहिलं नसेल,
आणि नऊ वर्षं याच्या बनियनमध्ये
जामीन राहून बसल्यात.
त्यातल्या एकीची मुदत गेल्या गणपतीत संपली.

कसं सांगू?
म्हटलं, काका, अनोळखी पोर वाडीत शिरलं
की तुम्ही काय विचारता?
"कोणाचो रे तू?"
तो म्हणतो, बाबल्याचा.
"खयच्या बाबल्याचो?"
मुणग्याच्या, धुऱ्यांच्या विहिरीपाठच्या.
असं वर वर जाता जाता एखादा म्हातारा लागतो
जो तुम्हाला ठाऊक असतो.
तिथे तुम्ही थांबता, पोराला पाणी देता.
साइटही आपलं घराणं नीटच सांगतेय,
पण फोनला ठाऊक असलेला म्हातारा गेला
आणि याला कोणी कळवलंच नाही.
आता नवा फोन घेतलात तर...
"ता सोड. म्हाताऱ्याच्या जागेर कोण बसलो?"

नवी फाइल मी उतरवून घेतली.
पण ती तरी खरी कशावरून?
तिलाही ठसा असतो, बत्तीस जोड्या,
आकडे आणि इंग्रजी अक्षरं,
एफच्या पुढचं एकही नाही,
आणि काकाचं इंग्रजीही साधारण तिथेच संपतं.
माझ्या फोनवरून मी वाचत गेले,
त्याच्या फोनवर तो बोट सरकवत गेला,
टोपलीतले बांगडे मोजावेत तसा, ओठ हलवत.
सतराव्या जोडीला बोट थांबलं.
"रेशनच्या मशीनर माझे ठसे उमटणत नाय."
हात पालथा होता, तो उताणा केला.
दोर ओढून ओढून पाचही बोटं
समुद्रातल्या गोट्यासारखी.
पुढची जोडी मी जरा हळू वाचली.

मग फोन अडला.
आधी कुलूप लावा, म्हणाला. चार आकडे.
"कुलूप कित्याक?"
त्याच्या घराला कडी आहे, तीही कुत्र्यांसाठी.
टाका काहीही, म्हटलं, मला दाखवू नका,
आणि तोंड फिरवून टेकाडाकडे बघत राहिले.
पवनचक्क्यांमधली एक बंद होती.
चार टिकटिक. पुन्हा चार.

साइट उघडली.
परतावा: प्रक्रियेत.
दोन महिन्यांपूर्वीही हेच होतं.
वर मात्र एक पट्टी आली:
नेटवर्कचे परीक्षण केले जाऊ शकते.
"ह्या काय?"
हाताने घातलेल्या प्रमाणपत्रावर
त्याचा पुरता विश्वास नाही, मी म्हटलं.
त्याला वाटतंय, मधे कोणीतरी आहे.
"आसा मा. तू आसस."

तीस रुपये.
फोन पिशवीत, पिशवी रुमालात.
पायरी उतरला, परत आला,
आणि मी नको नको म्हणत असताना
चारही आकडे मोठ्याने सांगितले,
लिलाव पुकारायच्या आवाजात.
"तुका सांगून ठेवतंय. इसारलंय तर."

झेरॉक्सला थांबलेल्या पोराने
मोबाइलमधून मान वर केली.
लवूकाका पुलावर पोचेपर्यंत मी गप्प होते.
मग त्या पोराला विचारलं,
कोणाचो रे तू?