आधी तिच्याकडे

माझा जुना फोन मी आईकडे ठेवून आले,
काच तडकलेली, बॅटरी दुपारीच मान टाकणारी.
म्हणून तो रात्रभर चार्जरला,
खिडकीत, पाण्याच्या कॅनशेजारी.
त्याला कुणी हलवायचं नाही,
असा एदेल्मिरा अरायाचा हुकूम.

फोन आडवा धरला की चित्र आडवं होतं ना,
तो तोल ओळखणारा इवलासा तुकडा
रात्री जमिनीला कान लावून पडलेला असतो.
हे मला निबाल्दोनं सांगितलं,
कोपरापर्यंत कणकेत हात घालून.
एकट्या फोनचं कुणी ऐकत नाही, म्हणाला.
टेबलाखालून कुत्रं गेलं तरी तो दचकतो.
पण किनाऱ्यावरचे चाळीस
एकाच श्वासात दचकले,
तर खोटं कोण म्हणेल?

काल पहाटे चार वाजून अकरा मिनिटांनी
सांतियागोत, भट्टीसमोर,
माझ्या एप्रनच्या खिशात जे किंचाळलं
ती रिंगटोन नव्हती.
निबाल्दोनं गॅस तोडला.
ओलिंपिया हातातला तापलेला ट्रे टाकून
टेबलाखाली घुसली, तिच्यामागे मी.
आणि जमीन अजून गप्प.

चौतीस सेकंद.
वाचायला पुरेसे. विचार करायला जरा जास्तच.
मला इशारा आला,
म्हणजे कुठेतरी फोन आधीच हलले.
धक्का समुद्राकडचा, असं पडद्यावर लिहिलेलं.
म्हणजे ती खिडकी हलली. तो कॅन.
म्हणजे मला वाचवायला जी बातमी
डोंगर ओलांडून धावत आली
ती तिच्याच घरातून निघाली होती,
आणि तिला सांगायला
तिच्या अलीकडे कुणीच नव्हतं.

मग आला.
दिवे गेले. पोती फुटली.
पांढऱ्या अंधारात ओलिंपिया
माझं मनगट सोडेना.

लाइन लागत नव्हती.
सहा वीसला तिचाच फोन आला,
टेकडीवरून, सगळी वस्ती जिथे चढून बसली होती.
वाऱ्यात निम्मा आवाज वाहून जात होता.
"कॅन सांडला. फोन जरा भिजलाय.
तुझ्याकडे वाजला का?"

वाजला, म्हटलं.

"मग झालं तर," म्हणाली.
"ठेवते. चार्जर खालीच राहिलाय."