झडप

रबाळ्याच्या गाळ्यात, पत्र्याखाली,
आम्ही धूळ बनवायचो.
खोटं वाटेल, पण चाचणीला धूळही चांगली लागते:
नाचणीचं पीठ दोन वाट्या, रांगोळी एक,
घणसोलीच्या सलूनमधून पिशवीभर केस,
आणि इंदुलकरच्या मांजरीचे, ते फुकट.
सगळं तोलून गालिच्यावर पसरायचं
आणि मशीन लावून परत ओढून घ्यायचं.
दिवसातून नऊ वेळा.
पगार याचाच.

अट एक होती. डबी भरली
की ती काढताना माणसाला धूळ दिसू नये.
झटकणं नाही, ठोकणं नाही, पिशवी उलटी करणं नाही.
डबी खेचली की झडप आपोआप मिटली पाहिजे,
कासवानं मान आत घ्यावी तशी.
टाकली, नवी बसवली, संपलं.
झाकली मूठ सव्वा लाखाची;
डबी अठ्ठावीस रुपयांत बसवा, मालक म्हणाले.

मी दम्याची.
लहानपणी आई जळमटं काढायला लागली
की मला जिन्यात बसवायचे, पाण्याची बाटली देऊन.
हे काम माझंच आहे
असं मला वाटायचं, कुणाला सांगितलं नव्हतं.

अकरा झडपा झाल्या.
पहिलीतून नाचणी सांडली.
चौथी मिटली ती उघडलीच नाही,
मोटर तापून गाळाभर वास.
सातवीत एकच केस अडकला, आडवा,
आणि त्या केसाएवढ्या फटीतून
पांढरी रेघ टेबलावर उतरत राहिली,
सावकाश, जणू तिला सुट्टी होती.
परकारभाईंनी साच्यावर बोट फिरवलं.
"पॉइंट झिरो फाइव्ह. इथं पोट आलंय ह्याला."
लोखंडाला पोट आलेलं त्यांनाच कळतं.
दोन दिवस घासत बसले, कुणाशी बोलले नाहीत.

अकरावी मिटली.
काळ्या कागदावर डबी आपटली, हलवली, रात्रभर ठेवली.
सकाळी कागद काळाच.
इंदुलकरनं भजी आणली.
मी तो कागद घडी न घालता कपाटात ठेवला.

मग तुर्भ्याला गेले, कचरा निवडतात त्या शेडमध्ये,
एवढंच विचारायला, की हिचं पुढं काय होतं?
लोचनाबाईंनी डबी कानाशी हलवली,
नख मारून पाहिलं.
"कडक माल आहे. भाव येतो ह्याला.
पण भरलेली घेत नाही भंगारवाला."
आणि मी काही बोलायच्या आत
दगडावर ठेवून पान्याचा एक घाव.

अकरा झडपा, परकारभाईंचे दोन दिवस,
नाचणी, रांगोळी, मांजर,
सगळं त्यांच्या पदरावर, पापण्यांवर.
शिंकल्या. तोंड पुसलं.
"एवढं घट्ट कशाला करता, बाई?
उघडायला मीच असते ना."

मी पर्समध्ये पंप चाचपला.
मारला नाही. त्यांच्यासमोर कसा मारायचा?
रिक्षात बसल्यावर मारला, दोनदा.

गाळ्यात येऊन अटींचा कागद काढला.
"माणसाला धूळ दिसू नये."
माणसाला, एवढंच लिहिलं होतं,
आणि माझ्याच अक्षरात.
काळ्या कागदावर ओढणी झटकली.
इंदुलकर म्हणाला, अगं, गळतेय का पुन्हा?
म्हटलं, हो.

बारावीचं चित्र काढतेय.
प्लास्टिक नाही, कागदाचा लगदा,
अंड्यांच्या ट्रेसारखा, झडपसुद्धा त्याचीच.
भरली की बंदच बादलीत बुडवायची.
डबी विरघळते, धूळ भिजून चिखल होते,
आणि चिखल कुणाच्या छातीत जात नाही.
चौतीस रुपये पडतात. मालक नको म्हणतील.

शिवाय बादलीत केस उरतात, वर तरंगत.
त्यांचं काय करायचं
ते अजून सुचलेलं नाही.