उंचीचा रकाना

सकाळी सहाला कोर्टावर दव होतं.
मदनभियानं पोत्यानं ते पुसून काढेपर्यंत
चोवीस मुली कुंपणापाशी उभ्या.
देवास, महू, धार, बडवानी,
एक तर रात्रभर बसमधून अलीराजपूरहून आलेली,
मांडीवर डबा, डब्यात काय ते सांगायला तयार नाही.

माझ्याकडे रजिस्टर.
नाव, जन्मतारीख, बारावीचे टक्के, पालकांची सही
आणि उंची.
उंचीसाठी स्टोअररूमच्या भिंतीवर पट्टी आहे,
मी खेळत होते त्या वर्षी मीच रंगवलेली,
शेंदरी, कारण तोच रंग उरला होता.
पाच फुटांच्या खाली ती अर्धा इंच चुकते.
आम्हाला माहीत आहे. आम्ही तो अर्धा मनात मिळवतो.

हेमांगी पागनीस, धार.
भिंतीला टेकली ती खांदे आत घेऊन,
मान पुढे, गुडघ्यात किंचित मोड,
लग्नातल्या फोटोत मागच्या रांगेत
मावशांच्या आड उभी राहते मुलगी, तशी.
पाच फूट नऊ, मी लिहिलं.
हा मोड माझ्या ओळखीचा.
आमच्या रामबागेत अण्णाकाका म्हणायचे,
हिला वर आणायचा तर वरूनच आणावा लागेल,
आणि स्वतःच हसायचे, सुपारी सांडेपर्यंत.

चाचणीत तिचा चेंडू रिंगला लागला,
फळीला लागला,
मुंगी मॅडमच्या खुर्चीला लागला.
मॅडमनी तिच्या नावापुढे गोल काढला.
गोल म्हणजे नाही.
पुढचा पास तिच्या बोटांतून निसटला,
कुंपणाच्या फाटक्या जाळीतून रस्त्यावर,
पोह्यांच्या ठेल्याखालून, सिटी बसच्या पुढून
दिसेनासा.
रॅकवर अजून सात चेंडू होते.
कुणीही तेच बघितलं असतं.
ही धावली.

पाच मिनिटं. दहा.
मॅडम घड्याळाकडे बघत होत्या, मी रस्त्याकडे.
मग आली, चेंडू काखेत, कोपर सोललेलं,
मागोमाग सायकल ढकलत दूधवाला,
त्याचं लिटरभर सांडलं होतं
आणि ती त्याच्याशी भांडत होती,
ताठ, त्याच्या पगडीवरून पलीकडे बघत,
की चेंडू आधी आला, सायकल नंतर.
मॅडमनी पर्स उघडून दुधाचे पैसे दिले.
काही बोलल्या नाहीत.
गोलाच्या पोटात एक टिंब दिलं.

मी तिला परत भिंतीशी बोलावलं.
झाली की मोजून, ती म्हणाली.
पट्टी चुकीची आहे, मी म्हणाले,
आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.
पाच दहा, वर दोन बोटं.
खोडलं की सही करावी लागते.
केली.

फाटकाशी तिचे वडील, हातात हेल्मेट.
त्यांना सगळं खरं सांगितलं :
वसतिगृहाचं दार साडेआठला बंद,
अंडी सोमवारी आणि गुरुवारी,
शिष्यवृत्ती अर्धी, तीही होळीनंतर मिळते,
पहिल्या वर्षी बाकावरच बसावं लागेल,
गुडघे तिशीत बोलायला लागतील, माझे बोलतात.
पलंग सहा फुटी म्हणतात, आहेत पावणेसहा.
पाय बाहेर येतील.
पायथ्याशी लावायला स्टूल आहे एक,
माझंच होतं.
वडिलांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं
आणि विचारलं,
सही कुठे करायची?

पुढची, मी हाक मारली.
रेमली डावर, अलीराजपूर.
डबा बाकावर ठेवून आली, चपला काढल्या,
टाचा जमिनीला घट्ट,
नजर समोर, रिंगकडे.
चार अकरा.
मी अर्धा मिळवला.