माशीशहून वर

शापा म्हणजे इथली लहान बस. बसायची जागा अठरा जणांची.
मी सव्विसावी.
माझी अकरा किलोची पाठपिशवी टपावर गेली,
एका बोकडाशेजारी. त्याचं भाडं
माझ्याहून कमी का, हे मी विचारलं नाही.

'पगार! पगार!' कंडक्टर ओरडला
आणि मला हसू फुटलं.
तीन आठवड्यांपूर्वी तोच तर सोडून आले होते,
विम्याच्या फायलींसकट.
इथे पगार म्हणजे द्यायचे पैसे.
दिले.

उजवीकडे समुद्र आहे, असं नकाशा म्हणतो.
दिसतात ते माड, पुन्हा माड,
मधूनच बुंध्यांआडून
पत्र्यासारखं काहीतरी लखलखतं, तेवढंच.
मकरवृत्ताची पाटी आली तशी गेली.
सातवीत ही रेघ मी निळ्या पेन्सिलीने काढायचे,
तुटक, पट्टी न हलवता, श्वास धरून.
रस्त्यावर तिचा मागमूस नाही.
पाटीच्या सावलीत एक पोरगा
कोळशाची पोती मांडून बसलाय.

शेजारणीच्या मांडीवर बालदी,
बालदीत फडक्याखाली भजी.
तिने पाव मधोमध फाडला, दोन कोंबली,
माझ्या हातात दिला.
'पाव,' ती म्हणाली.
'पाव,' मी म्हणाले.
'बाजिया.'
'भजी.'
मग आम्ही सुटलोच.
खिडकीशी धावत आलेल्या पोरीच्या टोपलीत
काजू. तेही तेच.
वळणावरच्या ढिगात अननस. तोही.
तिने बालदीवर बोटं वाजवली, मी मान डोलावली.
मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्याने
'बटाटा' म्हणून पाहिलं, परीक्षकाच्या आवाजात.
मी पास झाले.
माझं पोर्तुगीज एवढंच,
आणि तेही आजवर मी मराठी समजून बोलत आले.

मासिंगाच्या पुढे टायर बसला.
ड्रायव्हरला कुणी 'मेस्त्र' म्हणालं
आणि तो खरोखरच मिस्त्रीसारखा गाडीखाली शिरला.
आम्ही काजूच्या झाडाखाली.
तिचं नाव फेलिझार्दा. माझं तिला जमलं नाही.
तिने गळ्यातला दोरा वर ओढला,
टोकाला पितळी चावी.
'शाव्ह.'
'चावी!' मी टाळीसाठी हात पुढे केला.

टाळी आली नाही.
तिने हातांनी आधी वारा दाखवला,
मग छप्पर,
मग छपराचं जाणं.
जनेल म्हणाली. तो शब्द मला
सावंतवाडीच्या एका मैत्रिणीमुळे ठाऊक होता.
जनेलही गेली.
मग म्हणाली 'काझा', आणि थांबली,
माझ्या तोंडाकडे बघत.

माझ्याकडे नव्हता तो.
गलबतांतून आमच्याकडे चावी आली,
बिजागरी आली, कोबी आला, तुरुंग आला.
घर आलं नाही.
घर आमचं आम्हाला होतंच, आधीपासून,
किंवा नव्हतं, ज्याला नव्हतं त्याला.
मी म्हणाले, 'घर.'
तिने तो शब्द भज्यासारखा तोंडात घोळवला.
'गार,' ती म्हणाली.
दुपारचे दोन, वाळूवर पाय ठरत नव्हता.
'गार,' पुन्हा म्हणाली, खात्री करून घ्यायला.
मी दुरुस्त केलं नाही.

ती उतरली तिथे थांबा नव्हता.
एक वाट आत जात होती, पांढऱ्या वाळूची,
दोन्हीकडे अर्धे मोडलेले माड.
बालदी डोक्यावर गेली. चावी पुन्हा पोलक्यात.
कंडक्टर टपावर चढला
आणि चारी पाय धरून बोकड खाली दिला.
तो तिचा होता.
दोघं निघाली, तो पुढे,
कुठे वळायचं ते माहीत असल्यासारखा.