अर्धी टाकी

गावाचं नाव मेर्सेदेस,
गाडी मात्र ऑस्टिन, एकोणपन्नासची.
हा विनोद वाल्देमार येईल त्याला ऐकवायचा.
आता ओलिंदाबाई ऐकवतात, न हसता,
किल्ली माझ्या हातावर ठेवताना.

"काटा अर्ध्यावर असतो. कायमचा.
भरली तरी अर्धी, संपली तरी अर्धी."
डिकीत एक काठी, झाडूच्या दांड्याची,
तिला चाकूने पाडलेल्या सात खाचा.
टाकीत बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं.
बावीस वर्षं एवढाच हिशेब.

जुलैची थंडी, नदीवरून येणारी. बोटं वळत नाहीत.
डिकीतली फळी उचलली, खाली गोल झाकण,
सहा स्क्रू, त्यातले चार इमानदार.
पाचव्याला रात्रभर तेल पाजलं.
सहावा तुटला.

सेंडर निघाला तो जुनाट, आंबूस वासासकट.
पितळी गोळा कानाशी धरून हलवला:
आत डुचमळत होतं.
सुईच्या टोकाएवढं भोक,
आणि ज्याच्यावर तरंगायचं
तेच पोटात घेऊन बसलेला हा.
बुडालाही असता, पण दांडा मध्येच गंजलेला.

नवं मीटर मोंतेविदेओहून बसने आलं,
चपलांच्या खोक्यात.
बसवलं. चावी फिरवली.
टाकी जवळजवळ कोरडी, आणि काटा म्हणतो तुडुंब.
तारा तपासल्या, पुन्हा तपासल्या,
माते गार झालं.

अर्थ लागत नव्हता.
म्हणजे खरंच, अर्थची तार लावून पाहिली, तेव्हा कळलं.
टाकीच्या कडेला मीच आदल्या संध्याकाळी
हौसेने काळा रंग दिला होता.
रंगातून अर्थ पोचत नाही.
पॉलिश पेपर घेतला, घासत बसलो
पत्रा उघडा, पांढरा होईपर्यंत.

काटा घसरला, थेट तळाशी.

"खोटं बोलतंय हे," बाई म्हणाल्या.
काठी घेतली, स्वतः वाकून बुडवली.
सगळ्यात खालच्या खाचेलाही ओल नव्हती.
बराच वेळ बघत राहिल्या.
"मग परवा पुलापलीकडून
मी आले कशावर?"
मला काही सुचेना. मी हात पुसत राहिलो.

कॅनमधलं पाच लिटर ओतलं.
काटा जरासा हलला, थांबला, पुन्हा जरासा.
त्यांनी काचेवर नखाने दोनदा टकटक केलं,
तो करायचा तसं,
आणि पंपाच्या दिशेने गाडी काढली.

काठी मागायला अर्ध्या रस्त्यातून परत आल्या.
मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली,
टोक अजून ओलं होतं.