जिभेवरची जकात

गुरुवारी बोट लागली, तिच्यातून
पिठाची पोती उतरली, काडेपेट्या, कुणाची तरी एक गादी
आणि नव्या दरांचा कागद,
खाऱ्या पाण्यानं कडेला फुगलेला.

मी लोसालिने. वावाऊ बेटावर, चर्चच्या उताराला
माझं दुकान : एक खिडकी, एक फ्रीजर, उधारीची वही.
कागद म्हणतो, मेंढीच्या बरगडीची चरबट पट्टी महाग.
बाटलीतलं लाल फेसाळ पाणी महाग.
पुडीतल्या शेवया महाग. सिगारेटचं तर विचारूच नका.
रात्रभर मी नखानं जुन्या किमती खरवडत बसले.
कागद निघतो, गोंद राहतो.
दुसऱ्या दिवशीही बोटांना जुना भाव चिकटून होता.

सकाळी पहिला आला म्हातारा सेमिसी.
"आता जिभेवरही जकात?"
आणि त्यानं जीभच बाहेर काढली, लांब, करडी.
"घे, मोज. किती होतात?"

हसले मी. काय करणार?
ज्यांच्या मेंढ्या, ते ही पट्टी खात नाहीत,
एवढं मलाही ठाऊक आहे.
पण सासूच्या मयताला बावीस खोकी आली होती,
गोठलेली, वाफाळणारी,
आणि कोणी किती आणली
यावरून आम्ही माया मोजली होती.
मायेवर किती टक्के, ते कागदावर नव्हतं.

मासाही नव्हता कागदावर.
खिडकीतून समुद्र दिसतो माझ्या, पण मासा
पहाटेच्या विमानानं निघून जातो,
ज्यांना परवडतो त्यांच्याकडे.
जकातीच्या साहेबाला मी विचारलं,
हे महाग केलंत, ते स्वस्त कधी?
तो म्हणाला, बघू.
बघू हा शब्द सगळ्या बेटांवर एकाच भावानं मिळतो.

आत सालेसी रेडिओ लावून बसलेला.
माझा नवरा. उजवा पाय गुडघ्यापर्यंतच.
साखरेनं नेला, असं आम्ही सांगतो,
जशी काही साखर परगावाहून आली आणि दार ठोठावलं तिनं.
दार मीच उघडलं होतं, रोज संध्याकाळी,
थंडगार, फुकट. दुकानदारणीचा नवरा ना तो.
पाय आम्ही घरच्या दफनभूमीत पुरला,
वर पांढरी वाळू, कडेला प्रवाळाचे तुकडे.
रविवारी तिकडे बघून तो म्हणतो,
"चला, अर्धा मी पोचलो."

पट्टी बदलायला नर्स कालोलाईने आली
तेव्हा मी कागद तिच्या पुढ्यात टाकला.
"वरातीमागून घोडं," मी म्हटलं.
तिनं जखम वास घेऊन पाहिली, कापूस ओला केला,
मान वर न करताच म्हणाली,
"वरात संपली कुठाय, लोसालिने?
पोरं आहेत ना मागून येणारी."

पोरं दुपारी आली. दोघं, अनवाणी, शाळेच्या तांबड्या लुंग्यांत.
धाकट्यानं मुठीतली नाणी खिडकीवर ओतली,
कालपर्यंत पुरत होती तेवढीच.
मी बोटानं नवा भाव दाखवला.
त्यानं नाण्यांकडे पाहिलं, जणू तीच खोटं बोलली होती.
मोठ्यानं खिसा उलटा केला. एक नाणं, एक शिंपला.
मग ती दोघं उंबराएवढ्या सावलीत बसून
एका बाटलीतून आळीपाळीनं प्यायली,
घोट मोजत, भांडत,
"तू मोठा घेतलास, तू मोठा घेतलास."
वहीत मी लिहिलं : बाटली एक.
गिऱ्हाइकं दोन, असा रकाना वहीत नाही.

दिवेलागणीला आतून हाक आली,
"लोसा, एक आण गं. गार."
हात फ्रीजरच्या कडीवर गेला सवयीनं.
तिथंच थांबला.
"पैसे?" मी विचारलं.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.
रेडिओचा आवाज लहान झाला.
"किती?"
मी सांगितलं. नवा भाव, पूर्ण, सुट्ट्यासकट.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
उद्या वारा कुठून वाहणार
ते रेडिओ सांगत राहिला.